द्राक्षं नकोत, मग कोणतं फळ? जांभूळ, सीताफळ, मोसंबी, डाळिंबाच्या वाईनचे सोळा महिने

परवा १० ऑगस्टला डाळिंबाची शेवटची बरणी बाटल्यांमध्ये भरून झाली आणि मग वाटलं की आता हे सगळं एकदा लिहून काढावं. मी सुरू केलं तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते एकतर द्राक्षांवर होतं नाहीतर स्ट्रॉबेरी, चेरी असल्या फळांवर, आमच्या जालना-बीडकडं जी फळं पिकतात त्यांचं काय करायचं हे नीट सांगणारं कोणी भेटलं नाही.

सुरुवात मोसंबीपासून झाली. अंबड तालुक्यात आमची साडेतीन एकर मोसंबी आहे. २०२३ च्या आंबे बहाराला (उन्हाळ्याआधी फुलणाऱ्या हंगामाला) व्यापाऱ्यानं टनाला बारा हजारांनी माल उचलला, त्यात फळगळ झालेली वेगळी, बारीक माल वेगळा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बीडच्या सीताफळाला मिळालंय, मराठवाड्याच्या केसर आंब्याला मिळालंय, पण काट्यावर माल ठेवला की भाव तोच. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी जेवले नाहीत. मी तेव्हापासून डोक्यात घेतलं की या फळाचं टिकणारं काहीतरी करायचं, आणि सरबत, स्क्वॅश सगळेच करतात म्हणून वाईन.

आण्णा माळकरी आहेत. घरात विषय काढला तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "वावरात आन् घरात काही काढायचं नाही. जे करायचं ते कागदावर असंल तर कर." माय म्हणाली, "फळाचंच करायलाय ना, करू द्या की." तर अट ठरली, कागद आधी.

म्हणून एप्रिल २०२४ मध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या ऑफिसात गेलो. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती (आमच्याकडं १३ मेला मतदान होतं), सगळा स्टाफ नाकाबंदीच्या ड्युटीवर, त्यामुळं दोन चकरा वाया गेल्या आणि तिसऱ्या वेळी एक क्लार्क भेटले. त्यांनी शांतपणे बसवून समजावून सांगितलं त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गोष्ट अशी की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणं परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात वाईनसुद्धा आली. घरी, स्वतःपुरती, पाच लिटर का असेना, चालत नाही. लोकांकडं जो १००० रुपयांचा आजीवन परवाना असतो तो विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला, तयार करायला नाही. ही गल्लत खूप जण करतात, मी पण केली होती, परवाना खिशात घालूनच गेलो होतो. तेव्हा तुम्ही यातलं काही करायचं म्हणत असाल तर पहिली चकर तिथंच मारा, यूट्यूबवर कोणी काहीही सांगो.

बाहेर येऊन ऑफिससमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मावसभावाला फोन लावला. तो नाशिकजवळ दिंडोरीकडं एका वायनरीत सेलरला, म्हणजे वाईन साठवायच्या विभागात आहे, बारा वर्षं झाली. तिथं लायसन द्राक्षासोबत इतर फळांच्या वाईनचंही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊ म्हणाला, "मालकाला अर्ज दे, ट्रायल म्हणून घेतील. पण फळ तुझं, खर्च तुझा, आन् बाटली बाहेर न्यायची नाही." अर्ज लिहिला, आधार, सातबारा जोडला, कोणतं फळ, किती किलो, किती लिटर असं सगळं. १९ दिवसांनी होकार आला. त्यांच्या रजिस्टरला प्रत्येक ट्रायलची नोंद होणार, चव बघायची ती तिथंच, वास्तूच्या बाहेर थेंब न्यायचा तर ड्युटी आणि वाहतूक पास लागतो आणि तो ट्रायलला मिळत नाही. मला एका कोपऱ्यात पाच काचेच्या बरण्या ठेवायची जागा मिळाली, खोलीचं तापमान २० डिग्री. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं ४२ असतं.

आता फळ कसं निवडायचं हे. पहिल्याच दिवशी भावानं मला एक गोष्ट सांगितली ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, खायला गोड म्हणून वाईनला चांगलं असं नसतं. द्राक्षाचं कसंय, साखर २२ ते २४ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप), आंबटपणा बरोबर, सालीत तुरटपणा, रस आंबवणाऱ्या यीस्टला लागणारं नत्र, सगळं एका मण्यात येतं. बाकी प्रत्येक फळात यातलं काहीतरी कमी असतं आणि ते आपण भरून काढायचं असतं. साखर कमी असली तर सोपं, साखर घालता येते. आंबटपणा कमी असला तर अवघड. तर फळ तोंडात टाकून गोडी बघू नका, आंबट आणि तुरट बघा. मी तीन वस्तू घेतल्या, रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स बघायला), हायड्रोमीटर (रसाची घनता बघायला, साखरेचं अल्कोहोल होईल तसा याचा आकडा उतरतो) आणि पीएच मीटर (आंबटपणा बघायला, आकडा जितका कमी तितका रस आंबट). पैसे कमी असतील तर बाकी राहू द्या पण पीएच मीटर सोडू नका.

पहिली बरणी केसर आंब्याची, २४ मे. लवकर सांगतो कारण यात फार काही नाही. सहा किलो आंबा, सव्वातीन किलो रस, तो इतका घट्ट की पाणी घालून सहा लिटर केला, मग ब्रिक्स १७ चे ९ झाले, ते २१ वर न्यायला ९४० ग्रॅम साखर लागली. पेक्टिन, म्हणजे रस घट्ट आणि गढूळ ठेवणारा फळातला घटक, मोडणारं एन्झाइम घालायचं असतं ते मी कमी घातलं. दोन महिन्यांनी अर्धी बरणी गाळ आणि वरचं पाणी गढूळच. आणि ज्या वासासाठी केसर घ्यायचा तो वास फसफसण्यात उडून जातो, खाली एक बेतास बात पांढरी वाईन उरते. आंबा खावा.

जांभूळ मात्र वेगळं निघालं. १६ जूनला पहिला पाऊस होऊन गेला होता. बांधावरची दोन झाडं आमची, बाकी शेजारच्या वस्तीवरनं ८० रुपये किलोनं घेतली, सगळी मिळून १० किलो. जांभूळ हे टिकत नाही, पिकलेलं संध्याकाळपर्यंत फुटायला लागतं, त्यामुळं पहाटे पाचला झाडाखाली चादर धरून माय आणि मी वेचली आणि सातच्या गाडीला दोन क्रेट चढवले. दिंडोरीला पोचेस्तोवर साडेतीन वाजले, खालच्या थरातली जांभळं चेपून क्रेटच्या भोकांतनं रस गळत होता. पुढच्या वेळी क्रेटमध्ये दोनच थर लावले आणि मध्ये कडुलिंबाचा पाला नाही, वर्तमानपत्राची रद्दी टाकली. पाल्याचा वास रसाला लागतो.

बी काढायचं काम हातानंच. मिक्सरचा मोह होतो पण बी फुटली की असला तुरट कडूपणा येतो की तो नंतर कशानंच जात नाही. भाऊ आणि मी रात्री अकरापर्यंत बसलो. जांभूळ अंगठ्यानं दाबलं की बी सटकन निघते, गर आणि साल बोटाला चिकटून राहतं, आणि ती साल टाकायची नाही, रंग आणि तुरटपणा सगळा तिच्यातच असतो. सकाळी माझी दहाही बोटं नखांच्या मुळापर्यंत जांभळी-काळी, आठवडाभर तशीच राहिली. बँकेत सही करताना कॅशिअर बघत होता.

गर, साल आणि थोडं पाणी मिळून सहा लिटर झालं. ब्रिक्स १२, पीएच ३.७. सहा लिटरला ८०० ग्रॅम साखर घातली तेव्हा २२ झालं, हिशोब लक्षात ठेवायला सोपा, एक ब्रिक्स वाढवायला लिटरमागं साधारण १३ ग्रॅम. जंतू आवरायला सल्फाइट म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अगदी थोडं, पाच लिटरला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, यासाठी सोन्याच्या दुकानात असतो तसला छोटा वजनकाटा लागतो. ते घातल्यावर एक दिवस थांबायचं, मग यीस्ट. यीस्ट ईसी-१११८, पाच ग्रॅमचं पाकीट, कोमट म्हणजे ३५ ते ४० डिग्रीच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून मगच रसात. बेकरीचं यीस्ट वापरू नका, पावाचा वास येतो. आणि एक शेतकरी म्हणून खास सांगतो, यीस्टला खाद्य म्हणून डीएपी घालतात तो खाण्याच्या दर्जाचा वेगळा मिळतो, लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो, आपल्या कोठीतल्या खताच्या गोणीतला चमचाभर काढून घालू नका, नाव एकच असलं तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सालींचा थर वर आला, जाड, भाकरीसारखा, आणि त्याच्या कडेनं गुलाबी फेस. तो थर दिवसातनं दोनदा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा, नाहीतर वर कोरडा पडून बुरशी धरतो. दाबताना आतनं गरम वाफेसारखा वास यायचा, लवंग आणि ओल्या मातीसारखा. मी चार दिवस तिथंच राहिलो, भावाच्या खोलीवर. पाचव्या दिवशी मलमलच्या फडक्यातनं पिळून साली काढल्या आणि रस बरणीत घालून एअरलॉक लावला. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली एक वाकडी नळी, आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. तिचा आवाज, टुपुक, टुपुक, सुरुवातीला सेकंदाला एक, मग तीन सेकंदाला, मग मिनिटाला. घट्ट बूच कधी लावायचं नाही, बरणी फुटते. नवव्या दिवशी हायड्रोमीटर १.०९२ वरनं ०.९९६ ला आला, म्हणजे अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास.

मग वाट बघणं. महिन्यानं सायफननं वरचं वरचं काढून दुसऱ्या बरणीत, गाळ खाली सोडून, असं तीनदा, याला रॅकिंग म्हणतात. सुरुवातीला चव इतकी करकरीत तुरट होती की मला रडू यायचं राहिलं होतं, भाऊ म्हणाला, "आत्ताच तोंड वाकडं करू नको, दिवाळीनंतर बघ." प्रत्येक चकरेला सहा-सात तास जायला, तेवढेच यायला, मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडं अतिवृष्टी झाली, १५ दिवस मोसंबीत पाणी साचलं, तेव्हा वाईन बिईन सगळं डोक्यातनं गेलं होतं.

ऑक्टोबरात सीताफळ. हे लिहायला जड जातंय पण लिहितो कारण यातनंच जास्त शिकलो. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, धारूरकडनं १० किलो आणलं, मऊ, डोळे उघडलेलं, वास असा की अख्ख्या एसटीत पसरला होता. गर काढायला दोन माणसांना पाच तास. गोडी २३ ब्रिक्स, मी खूश, साखर घालायचीच गरज नाही. मग पीएच मीटर घातला तर ५.१. भाऊ गप्पच झाला. एवढ्या कमी आंबटपणात जंतूंना रान मोकळं मिळतं आणि सल्फाइटचा जोरही चालत नाही, ते आंबट रसातच काम करतं. टार्टारिक अॅसिड घालून घालून ३.८ पर्यंत आणलं, तोवर गर तपकिरी पडलेला. तापवून घ्यावा म्हटलं तर सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर सडलेल्या चीजसारखा वास. बाहेर नेऊन कंपोस्टच्या खड्ड्यात ओतलं. आण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "दहा किलो?" धारूरच्या त्या माणसानं डोंगरातनं डोक्यावर आणलेलं फळ होतं ते. सीताफळ रबडीचं, आइस्क्रीमचं फळ आहे, वाईनचं नाही असं माझं ठाम मत झालंय, कोणाला जमलं असेल तर मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि मोसंबी, जिच्यासाठी हे सगळं सुरू केलं ती. नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या बागेतली १२ किलो. साल काढली, फोडी मिक्सरला फिरवल्या, गाळल्या, रस प्यायलो तर अमृत. रात्रभर सल्फाइट घालून ठेवला आणि सकाळी चाखला तर कडू. यीस्ट घालायच्या आधीच. मला वाटलं काहीतरी घाण पडली. मग कळलं की ही मोसंबीची जातच आहे, बियांमध्ये आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात जे असतं ते रसात उतरलं की आंबट रसात हळूहळू त्याचं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य होतं आणि कडूपणा काही तासांनी वर येतो. रसवंतीवाला मोसंबीचा रस ग्लासात लगेच देतो ते का, हे मला चाळीसाव्या वर्षी कळलं, आणि मी मोसंबीच्याच घरातला. ती बरणी तरी आंबवली, पण घोटभरसुद्धा पिण्यासारखी नव्हती.

सोडवेना म्हणून मार्चमध्ये मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुलून आलेल्या, फळावर परत केलं. यावेळी पूर्ण पिकलेली फळं, कच्च्यात कडूपणा जास्त असतो, प्रत्येक फोडीचा पापुद्रा हातानं सोलला, बिया काढल्या, आणि फडक्यातनं हलक्या हातानं पिळून लगेच त्याच दिवशी पुढचं काम सुरू केलं. चार जणांना एक अख्खा दिवस, चार लिटर रस. कडूपणा शेवटाला जिभेच्या मागं येतोच पण सुसह्य, थंड केली तर बरी लागते. एवढी मजुरी धरून परवडणार नाही हे मला आण्णांना सांगावं लागलं. ते म्हणाले, "मग मोसंबी खायलाच विकू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

डाळिंब त्या मधल्या काळात, ८ फेब्रुवारी. भगवा जातीची, १५ किलो, डाग असलेली पण आतनं चांगली अशी ७० रुपये किलोनं मिळाली. वाईनला दिसायला चकचकीत माल लागत नाही, हा एक फायदा. मात्र दाणे काढताना पिवळट पापुद्र्याचा तुकडाही जाऊ द्यायचा नाही, आणि दाणे मिक्सरला न फिरवता पिशवीत घालून हातानं, पायानं चेपायचे म्हणजे आतली बी फुटत नाही. सवासहा लिटर रस, ब्रिक्स १५, पीएच ३.५, साखर ५७० ग्रॅम. बाकी काही करावंच लागलं नाही. ज्याला पहिल्यांदा करायचंय त्यानं डाळिंबापासून सुरू करावं असं मी सांगेन. फक्त रंगावर जीव लावू नका, सुरुवातीचा लालभडक रंग सहा महिन्यांत विटकरीकडं झुकतो.

आता जांभळाचं सांगतो. २१ डिसेंबरला, म्हणजे सहा महिन्यांनी, बाटल्या भरल्या, सगळं होऊन सहा. त्यातली एक तिथंच उघडली. मी, भाऊ, वायनरीचे मालक आणि त्यांचे वाईनमेकर. जूनमधला तो करकरीतपणा बसला होता, तुरट होती पण हिरड्यांना ओढत नव्हती, आणि घोट गेल्यावर जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जड होते तशी किंचित होत होती. वाईनमेकरनं ग्लास उजेडाकडं धरला, परत वास घेतला आणि विचारलं, "पुढच्या जूनला किती किलो आणू शकाल?" भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.

खर्च विचारतील म्हणून, सोळा महिन्यांत सामान ६२०० रुपये, फळं ३९००, साखर-यीस्ट-केमिकल २६००, आणि प्रवास ९५००. एकूण २२,२०० झाले. जवळ लायसनवाली जागा असेल तर प्रवासाचे वाचतील. वही ठेवा, प्रत्येक दिवसाचा हायड्रोमीटरचा आकडा आणि वास कसा होता ते लिहा, मी लिहिलं म्हणून मोसंबी दुसऱ्यांदा निदान सुधारली.

या जूनला ४५ किलो जांभळं नेली, दोन गावांतनं गोळा करून. त्याची मोठी बरणी आता तिसऱ्या रॅकिंगची वाट बघतेय. आण्णांनी अजून वायनरी बघितलेली नाही आणि बघणारही नाहीत, पण जुलैत मी दिंडोरीला असताना त्यांनी दक्षिणेकडच्या बांधावर जांभळाची २२ रोपं लावली, फोनवर फक्त एवढंच विचारलं की अंतर किती ठेवायचं. कोकण बहाडोलीची कलमं आहेत, बियांच्या रोपाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमाला चार-पाच. खालच्या बाजूची तीन वाळवीनं गेली, ती परवा परत लावली.